विंडोजशेजारी उबंटू २४.०४ एलटीएस : एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही असलेल्या लॅपटॉपवरचा अनुभव

एप्रिल २०२४ मध्ये आलेली, उबंटू या लिनक्स प्रणालीची ही दीर्घकाळ अपडेट मिळणारी (एलटीएस) आवृत्ती मी अशा लॅपटॉपवर बसवली, ज्यात विंडोज ११ असलेली वेगवान एनव्हीएमई एसएसडी आणि साठवणीसाठीची, तुलनेने संथ साटा हार्ड डिस्क असे दोन वेगळ्या जातीचे ड्राइव्ह आहेत. इन्स्टॉलर नेटका आहे आणि भाषा, कीबोर्ड, वाय-फाय हे टप्पे झटपट उरकतात. कस लागतो तो डिस्क निवडण्याच्या पानावर, आणि त्याची तयारी विंडोजमध्येच करावी लागते. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-एन्क्रिप्शन) सुरू असल्यास त्याची रिकव्हरी की आधी दुसरीकडे लिहून ठेवावी आणि फास्ट स्टार्टअप (विंडोज झटपट सुरू करणारी सोय) बंद करावे, कारण ते सुरू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि मग तिच्या पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) लिनक्समधून लिहिणे सुरक्षित राहत नाही. बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) इंटेल आरएसटी ही डिस्क हाताळण्याची पद्धत सुरू असेल, तर इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही. एएचसीआय या सर्वसाधारण पद्धतीकडे वळण्यापूर्वी विंडोजला एकदा सेफ मोडमध्ये सुरू होण्याची सूचना देऊन ठेवली, की तीही नंतर सुरळीत चालते.

पार्टिशन मी स्वतः आखणे पसंत केले. एसएसडीवरचे विंडोजचे ईएफआय (बूटसाठीचे) पार्टिशन बहुधा अवघ्या १०० एमबीचे असते, पण ग्रबला (उबंटू सुरू करणाऱ्या बूट लोडरला) त्यातली थोडीच जागा लागते. तेच पार्टिशन दोन्ही प्रणालींनी वापरावे, मात्र ते फॉरमॅट होणार नाही याची खात्री 'इन्स्टॉल' दाबण्यापूर्वी सारांशाच्या पानावर ओळ न् ओळ वाचून करावी.

रूट (प्रणालीच्या फायली) एसएसडीवर आणि संपूर्ण होम (वापरकर्त्याच्या फायली) हार्ड डिस्कवर ठेवावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला मुळीच पटत नाही. उबंटूतील फायरफॉक्स स्नॅप या पॅकेज स्वरूपात येतो आणि त्याचे प्रोफाइल होममधल्या 'स्नॅप' फोल्डरमध्ये राहते. इतर प्रोग्रामांची कॅश (तात्पुरत्या साठवलेल्या फायली) आणि सेटिंग्जही होममध्येच लपलेल्या असतात. या असंख्य बारीक फायली वाचताना हार्ड डिस्कच्या हेडला सतत इकडून तिकडे सरकावे लागते, आणि एसएसडी घेण्याचा उद्देशच फसतो. म्हणून होम एसएसडीवरच ठेवून हार्ड डिस्कवर एक ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल-प्रणाली) पार्टिशन केले आणि छायाचित्रे, व्हिडिओ व जुने दस्तऐवज तेवढे तिथे हलवले. एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या पार्टिशनच्या यादीत) ते 'एसडीए' अशा नावाने न नोंदवता यूयूआयडी या कायम ओळखचिन्हाने नोंदवावे, कारण ही नावे बूटगणिक बदलू शकतात. सोबत 'नोफेल' लिहिले, तर पुढेमागे ती डिस्क बिघडली तरी उबंटू सुरू होते.

एक किरकोळ बाब राहते. विंडोज हार्डवेअर घड्याळात स्थानिक वेळ धरते आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ), त्यामुळे प्रणाली बदलली की वेळ चुकते. उबंटूला स्थानिक वेळ वापरायला सांगणारी 'टाइमडेटसीटीएल'ची एक आज्ञा दिली की ही तक्रार मिटते.