आठ महिने व्हीएचएफ वॉकीटॉकी: सेट उत्तम, चार्जरचा हिरवा दिवा खोटा

संध्याकाळच्या रेडिओ चेकला, म्हणजे सगळे सुखरूप आहेत ना हे रेडिओवर विचारतात तेव्हा, माझा कॉल साइन (रेडिओवरचं माझं नाव) तीनदा पुकारला गेला आणि माझ्याकडून उत्तर गेलं नाही. सेट, म्हणजे जवळच्या पल्ल्याचा व्हीएचएफ वॉकीटॉकी, कमरेलाच होता, पण बंद पडलेला. सकाळी चार्जरवरून उचलला तेव्हा दिवा हिरवा होता. रेडिओ रूमने मला शोधायला गाडी काढली. मी तंबूत सलाईन लावत होते. अंधारात एका ड्रायव्हरचा जीव माझ्या बॅटरीपायी धोक्यात गेला, याचा राग अजून उतरलेला नाही.

मी नागपूरची नर्स. नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ एका मदत संस्थेकडून दक्षिण सुदानातल्या रेंकला होते. १५ एप्रिल २०२३ ला सुदानात युद्ध पेटलं, तेव्हापासून जोडा या सीमेवरच्या नाक्यावरून माणसं तिथे येत होती.

सेटबद्दल एक शब्द वाईट नाही. धुळीने भरला, दोनदा आपटला, आवाज तसाच खणखणीत. हातमोज्यांतही बटण दाबता येतं. रिपीटरच्या (सेटचा संदेश पुढे पोचवणाऱ्या यंत्राच्या) टप्प्याबाहेर गेलं की गाडीतला एचएफ, म्हणजे लांब पल्ल्याचा रेडिओ वापरावा लागतो, तेवढंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदानातली मोबाइल नेटवर्कं बंद पडली. पलीकडून आलेल्या बायका मागे राहिलेल्यांना पुन्हा पुन्हा फोन लावत बसायच्या. त्या दिवसांत कमरेच्या सेटची किंमत कळली.

आता चार्जर. आधी मी बॅटरीलाच दोष दिला. ती किती तास चालेल ते ५-५-९० धरून लिहितात: ५ टक्के बोलणं, ५ टक्के ऐकणं, ९० टक्के शांत. आमच्या चॅनलवर एवढी शांतता कधीच नसायची. मग वाटलं, ऊन. मे महिन्यात बाहेरून आलेला तापलेला मोबाइल आपण नागपुरात तरी लगेच चार्जिंगला लावतो का? म्हणून बॅटरी गार झाल्यावर, रात्री चार्ज करू लागले. थोडा फरक पडला, पण दुपारनंतर पुन्हा तेच.

पुरवठादाराचं एकच उत्तर: नवा चार्जर मागवा. मार्चमध्ये सुट्टीवर येताना मी तो चार्जरच बॅगेत घातला. (सेट संस्थेचा, आणि आपल्याकडे परवान्याशिवाय चालतही नाही.) सीताबर्डीतल्या दुरुस्तीवाल्या दादांनी भिंग लावून पाहिलं. “ताई, बोर्ड ठीक आहे याचा. पट्टी दबून राहिली ना.” चार्जरमधली धातूची पट्टी बॅटरीला धड टेकत नव्हती, म्हणून चार्जरला बॅटरी लवकर भरल्यासारखी वाटायची आणि तो हिरवा दिवा लावायचा. पट्टी वर उचलली, घासली. ८० रुपये. एवढ्यासाठी नवा चार्जर!

परत गेल्यावर जूनपर्यंत एकही चेक चुकला नाही. बॅटरीबद्दलचं माझं आधीचं मत मी मागे घेते. सेट हातात मिळेल तेव्हा चार्जरच्या पट्ट्या बोटाने दाबून बघा, उसळून वर आल्या पाहिजेत. आणि दुसरी बॅटरी भांडून घ्या. निघताना माझ्या जागी आलेल्या नर्सला मी आधी या पट्ट्या दाखवल्या, मग औषधांचं कपाट.