भाड्याने दिलेल्या घराचा विमा: कोणती पॉलिसी, किती रकमेची

घर भाड्याने दिल्यावरही स्वतः राहत असतानाची पॉलिसी तशीच चालू ठेवणं स्वस्त पडतं. पण क्लेम नाकारला जाण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. मालक घरात राहतो हे धरून कंपनीने हप्ता ठरवलेला असतो. राहणारं माणूस बदललं आणि ते कळवलं नाही, तर माहिती दडवली या मुद्द्यावर क्लेम अडतो, मग आग तुमच्या घरात लागलेली असो की शेजारून पसरलेली. त्यामुळे हा पर्याय आधीच बाजूला ठेवा. तुलना करायची ती भाड्याच्या घरासाठीच्या पॉलिसींमध्ये.

यादीची पॉलिसी की सर्वसमावेशक?

पहिल्या प्रकारात संकटांची यादी असते: आग, वीज पडणं, स्फोट, वादळ, दंगल. पूर आणि भूकंप कधी यादीत असतात, कधी जादा हप्ता भरून घ्यावे लागतात. यादीत नसेल ते मिळत नाही. दुसऱ्या प्रकारात अपवादांची यादी असते आणि त्याबाहेरचं अचानक झालेलं कुठलंही नुकसान धरलं जातं. लोक हप्त्यातला फरक बघतात, पण जास्त महत्त्वाचा फरक असतो तो काय कुणी सिद्ध करायचं यात. यादीच्या पॉलिसीत नुकसान यादीतल्याच संकटाने झालं हे तुम्ही दाखवायचं. सर्वसमावेशक पॉलिसीत ते अपवादात बसतं हे कंपनीने दाखवायचं. घर बंद असताना किंवा भाडेकरू गावाला गेलेला असताना काहीतरी घडलं आणि कारण नीट कळेना, तर क्लेम मिळणं-न मिळणं यावरच ठरतं.

बाथरूमच्या भिंतीतल्या पाइपचं उदाहरण घ्या. सांधा एकाएकी निसटला, दोन तासांत लाकडी फ्लोअरिंग फुगलं आणि खालच्या घराचं छत गळायला लागलं. यादीच्या पॉलिसीत पाइप फुटण्याचं किंवा टाकी ओसंडण्याचं कलम असेल तरच पैसे मिळतील. सर्वसमावेशक पॉलिसीत बहुतेक वेळा मिळतील. पण तोच सांधा चार महिने झिरपत असेल, तर दोन्हीकडे नकार येण्याचीच शक्यता जास्त, कारण हळूहळू होणारी गळती, गंज, बुरशी आणि झीज जवळपास प्रत्येक पॉलिसीच्या अपवादांत असतात. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला येणारा माणूस, भिंतीवरचा डाग बारकाईने बघतो. एकात एक वलयं, सुटलेले पापुद्रे, क्षारांचा पांढरा थर दिसला की 'जुनी गळती' असा शेरा पडतो.

सर्वसमावेशक म्हणजे सगळं मिळालं असंही नाही. फुटलेल्या पाइपची किंमत बहुधा मिळत नाही, पाण्याने बिघडलेल्या वस्तूंची मिळते. गळती शोधण्यासाठी टाइल्स फोडण्याचा आणि परत बसवण्याचा खर्च हे वेगळं कलम असतं आणि त्याला स्वतःची मर्यादा असते. ती विचारून घ्या, कारण नुकसानीपेक्षा फोडतोडीचं बिल मोठं आलं असं पुष्कळदा होतं. खालच्या घराचं नुकसान तर तुमच्या इमारतीच्या विम्यात बसतच नाही. ते दायित्वाच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देण्याच्या भागात येतं, आणि साधारणपणे तुमचा निष्काळजीपणा असेल तरच.

बांधकाम जुनं, मालक दूर, प्लंबिंग भिंतीत गाडलेलं असेल तर जादा हप्ता भरून सर्वसमावेशकच घ्यावी. नव्या काँक्रीटच्या इमारतीतल्या साध्या फ्लॅटला यादीची पॉलिसी आणि वर पाण्याचं कलम पुरतं.

रक्कम कमी लावली तर

विमा पुनर्बांधणीच्या खर्चाचा असतो, बाजारभावाचा नाही. बाजारभावात जागेची किंमत असते आणि जागा जळत नाही. बांधीव क्षेत्रफळ गुणिले आजचा बांधकामाचा दर, त्यात ढिगारा उचलण्याचा खर्च, आर्किटेक्टची फी आणि कर मिळवले की आकडा येतो.

हप्ता वाचवायला हा आकडा खाली ओढू नका. समजा खरा खर्च 50 लाख आहे आणि विमा 40 लाखांचा. स्वयंपाकघर जळून 10 लाखांचं नुकसान झालं. मर्यादा 40 लाखांची आहे, म्हणजे 10 लाख पूर्ण मिळतील असं वाटतं. पण पॉलिसीत प्रमाणाचं कलम असेल तर कंपनी 40 भागिले 50 करते आणि 8 लाख धरते. त्यातून वजावटीचे, म्हणजे क्लेममधला तुम्ही स्वतः सोसायचा भाग, 50 हजार गेले की हातात साडेसात लाख. हे कलम वगळणाऱ्या पॉलिसी मिळतात, आणि दोन पॉलिसी बाकी सारख्या असतील तर अशीच निवडा.

दुसरा प्रश्न घसाऱ्याचा, म्हणजे वापरामुळे घटलेल्या किमतीचा. 'जुन्याच्या बदल्यात नवं' या तत्त्वावर नव्या कॅबिनेटचा पूर्ण खर्च मिळतो, पण बहुधा काम प्रत्यक्ष करून बिलं दिल्यावरच. घसारा वजा करणाऱ्या पॉलिसीत 15 वर्षांचं आयुष्य धरलेलं आणि 9 वर्षं वापरलेलं 3 लाखांचं कॅबिनेट सव्वा लाखालाही पोचत नाही, 1 लाख 20 हजारांवर थांबतं. इमारतीसाठी पहिलंच तत्त्व घ्या. भाडेकरूला वापरायला दिलेल्या जुन्या सोफा-फ्रिजसाठी घसाऱ्याचं चालेल.

बुडालेलं भाडं: दोन वेगळ्या गोष्टी

इथे सगळ्यात जास्त गल्लत होते. 'भाड्याचं नुकसान' हे कलम तेव्हाच लागू होतं जेव्हा विम्यातल्या संकटामुळे घर राहण्यालायक उरत नाही. भाडेकरूने भाडं थकवलं, नोटीस न देता निघून गेला किंवा नवा भाडेकरूच मिळेना, यातलं काहीही त्यात येत नाही. थकबाकीसाठी 'भाडे हमी' वेगळी घ्यावी लागते. तिथे कंपनी भाडेकरूच्या उत्पन्नाची आणि आधीच्या मालकाच्या शिफारशीची कागदपत्रं मागते, सुरुवातीला प्रतीक्षाकाळ लावते आणि आधीच भाडं थकवलेल्या भाडेकरूला स्वीकारत नाही.

पहिलं कलम मी प्रत्येकाला घ्यायला सांगेन, आणि तेही किमान 12 महिन्यांचं. सर्व्हे, मंजुरी, परवानग्या, ठेकेदार आणि मग नवा भाडेकरू शोधणं हे मोठ्या आगीनंतर सहा महिन्यांत आटपत नाही. भाडे हमी मात्र कर्जाचा हप्ता भाड्यातूनच भरणाऱ्यालाच फायद्याची ठरते. तीन-चार महिन्यांचं डिपॉझिट हातात असेल तर तिचा उपयोग फार कमी उरतो.

भाडेकरूने केलेलं नुकसान

चुकून काच फुटली हा अपघात, रागाने दारं तोडली हे हेतुपुरस्सर, गालिचा विरला ही झीज. झीज कुठेच मिळत नाही, आणि बाकी दोन्ही कलमं आहेत का हे स्वतंत्रपणे तपासावं लागतं. चोरीचं तर नीट वाचाच: पुष्कळ पॉलिसींना जबरदस्तीने घुसल्याच्या खुणा लागतात, आणि किल्ली ज्याच्याकडे आहे त्या भाडेकरूने गीझर काढून नेला तर अशी खूण नसतेच. भाडेकरूचं स्वतःचं सामान तुमच्या विम्यात येत नाही. त्याने त्याचा विमा घ्यावा हे भाडेकरारातच लिहा. थोड्या दिवसांसाठी पाहुणे ठेवत असाल तर कंपनी त्याला व्यवसाय समजू शकते, म्हणून लेखी मान्यता घ्या.

दायित्वाच्या रकमेत काटकसर करू नका. सैल कठड्यावरून कुणी पडलं तर भरपाई घराच्या किमतीशी बांधलेली नसते. वकिलाचा खर्च त्या मर्यादेच्या आत आहे की वर, एवढं विचारा.

इमारतीची सामाईक पॉलिसी असेल तर तिची प्रत मागवा. काही पॉलिसी फक्त सांगाडा धरतात, काही आतल्या भिंती आणि फिटिंगही. जे तिथे आहे ते परत घेऊन दुप्पट पैसे मिळत नाहीत, दोन्ही कंपन्या मिळून नुकसानीएवढंच देतात.

वजावट मात्र वाढवून घ्या. नळ आणि काचा स्वतःच्या खिशातून केल्या तर हप्ता उतरतो आणि क्लेम न केल्याची सवलतही टिकते.

घर रिकामं होताना तारीख लिहून ठेवा. अनेक पॉलिसींत 30 किंवा 60 दिवसांनंतर चोरी, तोडफोड आणि पाण्याचं संरक्षण थांबतं. कंपनीला आधी कळवा, पाण्याचा मुख्य कॉक बंद करा, ठरावीक दिवसांनी कुणाला तरी पाठवा आणि प्रत्येक भेटीचा तारखेसह फोटो ठेवा. भाडेकरू आत येण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो आणि त्याची सही असलेली सामानाची यादी करा. सोबत भाडं जमा झाल्याचे बँकेतले उतारे आणि वायरिंग-प्लंबिंगच्या दुरुस्तीची बिलं घराबाहेर कुठेतरी ठेवा. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर येईपर्यंत फुटलेला पाइप किंवा जळालेला स्विचबोर्ड फेकू नका.