जुन्या सीडी वाचून देणारा गोलाणी मार्केटमधला गाळा

अमळनेरच्या आमच्या घरात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या बिस्किटांच्या डब्यातून यंदा 41 डिस्क खाली काढल्या. 2004 ते 2011 या काळात मी घरच्या संगणकावर स्वतः राइट केलेल्या या सीडी आणि डीव्हीडींमध्ये श्रावणात खानदेशातल्या कानबाई देवीच्या रोटांच्या सणाच्या वेळी आमच्या मोठ्या काकूंनी म्हटलेली अहिराणी गाणी, शेताच्या जुन्या कागदांची स्कॅन केलेली चित्रे आणि दोन लग्नांचे फोटो होते. त्यांतील बहुतेक डिस्क आता एक तर रडतखडत वाचल्या जात होत्या किंवा ड्राइव्हमध्ये घातल्यावर नुसती घरघर करून गप्प बसत होत्या. अखेर हे काम जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या एका छोट्या गाळ्यातून करून घेतले. गाळ्याचे नाव मी येथे देत नाही, कारण मालकाचा मुख्य धंदा प्रिंटर दुरुस्तीचा आहे, डिस्क वाचण्याचे काम तो सवडीने करतो, आणि नाव छापले तर लोक पोती भरून सीडी आणतील अशी धास्ती त्याने हसत हसत बोलून दाखवली. मार्केटमध्ये दोन-तीन ठिकाणी चौकशी केली की कोणी तरी त्या गाळ्याकडे बोट दाखवतोच.

तत्पूर्वी मी गावातल्याच एका दुकानात गेलो होतो. तिथल्या मुलाने चार सीडी आपल्या संगणकात घालून पाहिल्या, ‘काका, सीडी गेल्या, फेकून द्या’ असा निकाल दिला आणि मला यूएसबीवर चालणारा एक पातळ बाह्य ड्राइव्ह विकला. तो ड्राइव्ह घरी लॅपटॉपला लावल्यावर डिस्क फिरू लागे, थांबे, पुन्हा फिरू लागे, आणि अर्ध्या तासाने संगणक कॉपी करणे सोडून देई. डिस्क फेकून देण्याच्या बेतापर्यंत मी आलो होतो, हे कबूल करायला हवे.

जळगावच्या गाळ्यात मात्र डिस्क हातात घेण्याआधी मालकाने विचारले, “नाना, ह्या सीड्या कोनता मशिनवर राइट करेल शेतस?” हा प्रश्न मला त्या वेळी निरर्थक वाटला, पुढे त्याचे मोल कळले. कारखान्यात ठशाने बनलेल्या सीडीवर खड्डे उठवलेले असतात, तर घरी राइट केलेल्या सीडीवर लेसरने रंगद्रव्याच्या थरात नुसते डाग पाडलेले असतात. हे डाग किती नेमके उमटले, हे डिस्कच्या दर्जाइतकेच ती लिहिणाऱ्या ड्राइव्हवर, त्याच्या लेन्सच्या स्थितीवर आणि त्या दिवशी निवडलेल्या गतीवर अवलंबून असते. म्हणून एका ड्राइव्हने लिहिलेली डिस्क दुसऱ्याला नीट वाचता येत नाही, पण मूळ ड्राइव्हला किंवा तिसऱ्या एखाद्याला ती बिनतक्रार वाचता येते, असे वारंवार घडते. या गृहस्थाकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे सात जुने, जाड, डेस्कटॉपमध्ये बसणारे ड्राइव्ह एका फळीवर मांडलेले आहेत, आणि एकाने हात टेकले की तो डिस्क दुसऱ्यात घालतो. सेवेचा निम्मा गुण या फळीतच आहे.

उरलेला निम्मा गुण त्याच्या तपासण्याच्या क्रमात आहे, आणि तो क्रम घरी बसून कोणालाही पाळता येण्यासारखा असल्यामुळे थोडा सविस्तर सांगतो. पहिली गोष्ट त्याने केली ती म्हणजे बाजारात विकत मिळणारी, कारखान्यातून आलेली गाण्यांची एक सीडी माझ्या पिशवीतल्या बाह्य ड्राइव्हमध्ये घालून पाहिली. तीही अडखळली. म्हणजे दोष निदान अंशतः तरी ड्राइव्हकडे होता, माझ्या डिस्ककडे नव्हता. मी तो ड्राइव्ह लॅपटॉपच्या एका यूएसबी हबमधून लावत होतो हे ऐकल्यावर त्याने ड्राइव्ह थेट संगणकाच्या मागच्या पोर्टला लावला, आणि तीच सीडी सुरळीत चालली. यूएसबी 2.0 पोर्टमधून नियमाप्रमाणे 500 मिलिअँपिअर प्रवाह मिळतो, तो हबमध्ये आणखी वाटला जातो, आणि डिस्कला पहिल्यांदा गती देताना ड्राइव्हला याहून जास्त ओढ लागते. वीज कमी पडली की मोटर मधूनच दम सोडते आणि आपण दोष सीडीला देतो. मला ड्राइव्ह विकणाऱ्या दुकानाने हे एक वाक्य सांगितले असते तर माझे तीन आठवडे वाचले असते.

घरी अजून एक जुना, विंडोज एक्सपीवर चालणारा संगणक आहे, त्यावर सगळ्याच डिस्क सारख्याच संथ चालतात, असे मी सांगितले तेव्हा त्याने तो संगणक न पाहताच निदान केले. ड्राइव्हकडून वाचनाच्या चुका वारंवार येऊ लागल्या की ती जुनी विंडोज त्या ड्राइव्हला डीएमए या जलद पद्धतीतून पीआयओ या संथ पद्धतीत उतरवते, आणि पुढे चांगली डिस्क घातली तरी आपण होऊन परत वर चढवत नाही. डिव्हाइस मॅनेजरमधून ड्राइव्ह ज्या आयडीई चॅनलवर, म्हणजे जोडणीच्या मार्गावर, आहे तो यादीतून काढून टाकावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा, म्हणजे विंडोज त्याला नव्याने ओळखून जलद पद्धत देते. घरी जाऊन तसे केले. जी सीडी कॉपी व्हायला पाऊण तास लागत होता ती पाच मिनिटांत उतरली. या सल्ल्याचे त्याने पैसे घेतले नाहीत.

आता खरोखर बिघडलेल्या डिस्कविषयी. सीडीची एकपट गती म्हणजे सेकंदाला 150 किलोबाइट, आणि 48 पट गतीचा ड्राइव्ह एखाद्या सेक्टरवर, म्हणजे माहितीच्या एका छोट्या तुकड्यावर, अडला की तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, गती उतरवतो, मग चढवतो, पुन्हा अडतो. आपल्याला जी चढती-उतरती घरघर ऐकू येते ती हीच. हे गृहस्थ सुरुवातीलाच गती चौपटीवर बांधून टाकतात. चौपट गतीने 700 मेगाबाइटची सीडी वीस मिनिटांत संपते, आणि 48 पट गतीने ठेचकाळणारी सीडी दोन तासांतही संपत नाही. शिवाय ते फाइली एकेक करून कॉपी करत नाहीत, तर लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यू या मोफत प्रोग्रामने अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल एकाच फाइलीत, उतरवतात. हा प्रोग्राम आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडणारी जागा नकाशात नोंदवून पुढे सरकतो, आणि शेवटी तेवढ्याच जागांवर परत येतो. खरी युक्ती पुढे आहे: तोच नकाशा कायम ठेवून डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली की पहिल्याला न जमलेली भोके दुसरा बुजवतो. माझी एक सीडी अशी तीन ड्राइव्हनी मिळून पूर्ण केली.

जिथे भोके राहिली तिथेही नुकसान सगळीकडे सारखे नसते. डेटा सीडीचा एक सेक्टर 2048 बाइटचा असतो, आणि सेकंदाला 128 किलोबिटच्या एमपीथ्री गाण्यात तो जेमतेम आठवा हिस्सा सेकंद व्यापतो; त्यामुळे गाण्यात ‘टक्’ असा एक खंड पडतो आणि गाणे पुढे चालू राहते. पण मी शेताच्या कागदांची स्कॅन जागा वाचवण्यासाठी झिप करून ठेवली होती, आणि दोन सेक्टर गेल्यामुळे त्या फाइलीतून काहीच बाहेर आले नाही. काटकसर अशीही अंगाशी येते.

सहा डिस्क संगणक रिकाम्या दाखवत होता. त्यांतील दोन सीडीआरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या, निघाल्या; त्यांचा पृष्ठभाग एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी-आरच्या मानाने फारच कमी प्रकाश परत पाठवतो, आणि थकलेल्या लेन्सला तो दिसतच नाही. नव्या लेन्सच्या ड्राइव्हने त्या लगेच वाचल्या. तीन डिस्कचे सत्र मी त्या काळी बंदच केले नव्हते, म्हणजे लिहून झाल्यावर सॉफ्टवेअरमध्ये ‘फायनलाइज’ करून डिस्क मिटवायचे राहून गेले होते. अशा डिस्क साध्या ड्राइव्हला कोऱ्या वाटतात, पण राइटर ड्राइव्हमध्ये घालून आतली नोंद शोधता येते. सहावीकडे मी शेवटी येतो.

माझ्या हातून झालेले नुकसानही त्याने दाखवून दिले. सीडीचा चमकणारा थर खालच्या बाजूला नसून वर, लेबलच्या पातळ लाखेखाली असतो. डीव्हीडीत तो दोन पातळ चकत्यांच्या मध्ये सुरक्षित राहतो. मी सीडींवर बॉलपेनने दाबून तारखा लिहिल्या होत्या, आणि दिव्यासमोर धरल्यावर दोन ठिकाणी त्या तारखेतून उजेड आरपार येत होता. काही सीडींवर चिकटवलेली कागदी लेबले त्याने काढायला साफ नकार दिला, कारण लेबलाबरोबर थरही उचलला जातो. खालची बाजू त्याने मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसली, गोल फिरवून नव्हे, कारण माहितीची वाट गोल आहे आणि त्या वाटेने जाणारा ओरखडा ड्राइव्हच्या चुका भरून काढणाऱ्या गणिताला आवरत नाही. आडवा ओरखडा मात्र ते गणित सहज पचवते. मे महिन्यात 45 अंशांपर्यंत तापणाऱ्या पत्र्याखाली डिस्क ठेवल्याबद्दल तो काही बोलला नाही, नुसता डब्याकडे पाहत राहिला.

तक्रारीही आहेत. ‘चार दिवसांत देतो’ म्हणालेल्या कामाला अकरा दिवस लागले, आणि त्या काळात दुपारी फोन उचलला जात नव्हता. डिस्क घेताना पावती दिली नाही. मी स्वतःच वहीत क्रमांक लिहून त्याची सही घेतली. पूर्ण माहिती कुठल्या डिस्कमधून आली नाही याची यादी मागितल्यावर मिळाली, आपण होऊन नाही. माझ्या पेनड्राइव्हवर डीव्हीडीची प्रतिमा मावेना, कारण तो फाइली साठवण्याच्या फॅट32 या जुन्या पद्धतीचा होता आणि त्यात 4 गिगाबाइटहून मोठी फाइल बसत नाही. हे आधी सांगितले असते तर जळगावची एक खेप वाचली असती. दर मला वाजवी वाटला: सहज वाचल्या जाणाऱ्या डिस्कला 40 रुपये, अडणारीला 150, आणि काहीच न निघाल्यास शून्य. आपली माहिती दुसऱ्याच्या संगणकावर राहू नये असे वाटत असेल तर काम झाल्यावर प्रती समोर पुसून घ्याव्यात; मी म्हटल्यावर त्याने लगेच पुसल्या.

41 पैकी 36 डिस्क संपूर्ण मिळाल्या, चार अर्धवट मिळाल्या. काकूंच्या गाण्यांच्या सीडीत शेवटचे गाणे दोन ठिकाणी तुटते. माहिती आतून बाहेर लिहिली जाते आणि काठोकाठ भरलेल्या सीडीची बाहेरची कडच बहुधा आधी खराब होते, म्हणून शेवटचेच गाणे तडाख्यात सापडले. उरलेली एक, ती सहावी, सातही ड्राइव्हनी नाकारली. ज्या ड्राइव्हने लिहिली त्यातच ती कदाचित उघडेल, असे म्हणून त्याने पैसे न घेता ती परत दिली आणि 2004 सालचा तो मूळ राइटर घेऊन यायला सांगितले. तो राइटर मी 2009 साली नवा बसवताना भंगारवाल्याला दिला होता, हे त्याला सांगायला मला अजून फोन करायचा आहे.