इंग्रजी शब्द वाढवायचेत, पण बोलण्यासाठी: यादी, कार्डं, पेपर, कान की क्लास?

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू मूळच्या चेन्नईच्या. त्यांच्या बाथरूमचं पाणी आमच्या छतातून ठिबकायला लागलं, तेव्हा मी वर जाऊन बेल वाजवली आणि म्हणालो, "आँटी, युअर वॉटर इज कमिंग इन माय हाउस." काकू क्षणभर नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लीकिंग?"

त्या दिवसांत मी स्पर्धा परीक्षेसाठी 'युबिक्विटस', 'ॲमिलिओरेट' असले शब्द रोज दहा या हिशेबाने पाठ करत होतो. आणि 'लीक' तर आपण मराठीतच वापरतो. टाकी लीक होते, पेपर लीक होतो. ऐन वेळी तोच आठवला नाही.

तेव्हा निवड करण्याआधी आपलं नेमकं कुठे अडतं ते पाहा. फॅन, स्विच, पार्सल, रिचार्ज, अपॉइंटमेंट... नामं आपल्याकडे पोत्याने आहेत. गाडी अडते ती क्रियापदांशी. लाइट गेली, गॅस संपला, दूध उतू गेलं, हे इंग्रजीत सांगून बघा. 'लाइट हॅज गॉन', 'गॅस इज फिनिश्ड' म्हणून वेळ भागते खरी. पण 'द पॉवर इज आउट', 'वुई हॅव रन आउट ऑफ गॅस', 'द मिल्क बॉइल्ड ओव्हर' यांतले रन, आउट, ओव्हर हे शब्द क्रिकेटमुळे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतात. असे तुकडे जिभेवर कोण बसवतं, एवढ्या एकाच कसोटीवर मी पुढचे पर्याय तोलले आहेत.

शब्दांची यादी. कुठले शब्द आधी शिकावेत याचा अंदाज यादीमुळे येतो, हा तिचा मोठा गुण. 'ऑक्सफर्ड ३०००' ही यादी इंटरनेटवर फुकट मिळते आणि तिच्यात प्रत्येक शब्दाला ए१ (सगळ्यात सोपी) ते बी२ अशी पायरी लावलेली आहे. ए१, ए२ चाळून अनोळखी शब्दांवर खूण करा. दोन संध्याकाळचं काम आहे. पण यादीवर विसंबू नका. अशा याद्यांमधली गाजलेली, सुमारे २००० शब्दांची यादी मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. हे गृहस्थ त्याआधी ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालय चालवत आणि बंगाली मुलांना आधी इंग्रजी वाचता आलं पाहिजे, या मताचे होते. कुठला शब्द किती वेळा येतो याची यादीतली मोजणीही छापील मजकुरावरची. वाचणाऱ्यासाठी केलेल्या यादीने बोलणाऱ्याची सोय अर्धीच होणार.

कार्डं. पाठ केलेलं किती झपाट्याने विसरतं हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. त्यावरचा सोपा तोडगा म्हणजे लाइटनर यांची खोक्याची पद्धत. बुटाच्या खोक्यात कप्पे करा. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्याने काढायचा. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. मी जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं केली. कागद जाड असतो आणि मागची बाजू कोरी. मोबाइलवर हेच काम 'अँकी' हे ॲप करतं. अँड्रॉइडवर ते फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात.

एक पथ्य मात्र पाळा. कार्डावर एकटा शब्द लिहू नका. पुढे मराठी वाक्य, 'बाइक घसरली', मागे पूर्ण इंग्रजी, 'द बाइक स्किडेड'. आणि उत्तर मनात नाही, मोठ्याने द्यायचं. मनातल्या मनात दिलेलं उत्तर नेहमीच बरोबर वाटतं.

इंग्रजी पेपर. घरोघरी हाच सल्ला मिळतो आणि बोलण्यासाठी तोच सगळ्यात कमी कामाचा. मथळ्यांमध्ये सरकार 'मल्स' (म्हणजे विचार करतं), मंत्रिमंडळ 'नॉड' (म्हणजे मंजुरी) देतं. चहा घ्यावा की कॉफी यावर कोणी 'मल' करताना मी तरी ऐकलेलं नाही. मुलाखतीत चालू घडामोडी विचारणार असतील तर जरूर वाचा.

कान. माझा कौल इकडे. बीबीसीच्या 'सिक्स मिनिट इंग्लिश'मध्ये दोघं जण सहा मिनिटं गप्पा मारतात, मधले निवडक शब्द उलगडून सांगतात आणि सगळं बोलणं संकेतस्थळावर लिहिलेलं सापडतं. वेग झेपत नसेल तर 'व्हॉइस ऑफ अमेरिका'च्या 'स्पेशल इंग्लिश'चे जुने कार्यक्रम शोधा. १९५९ मध्ये सुरू झालेल्या या बातम्या सावकाश वाचल्या जात आणि जेमतेम १५०० शब्दांच्या साठ्यावर जगभरच्या घडामोडी सांगत. शब्द कमी पडतात म्हणून बोलत नाही, ही आपली सबब तिथेच लंगडी पडते.

नुसतं ऐकून मात्र भागत नाही. एक मिनिटाचा तुकडा घ्या, लिहिलेलं समोर ठेवा आणि बोलणाऱ्याच्या पाठोपाठ त्याच चालीत म्हणा. चार-पाच वेळा. घरचे हसतील, मी गच्चीवर जायचो. चौथ्या खेपेला 'पुट अप विथ' (सहन करणं) तीन शब्द न राहता एक होऊन बाहेर पडतं, आणि मग ते लगेच कार्डावर जातं.

क्लास. पैसे भरण्यापूर्वी साधं गणित करा. तासभराच्या वर्गात अर्धा वेळ सर बोलले आणि बॅचमध्ये तीस जण असले तर तुमच्या वाट्याला एक मिनिट येतं. मी गेलो त्या क्लासात तेही आलं नाही. पहिला महिना काळ पाठ करण्यात गेला. सहा-आठ जणांची बॅच असेल आणि डेमोलाच तुम्हाला बोलतं करत असतील तर मात्र पैसे वसूल. मित्राबरोबर फुकट सराव करू म्हणाल, तर दोन मराठी माणसं तिसऱ्या मिनिटाला "जाऊ दे रे, मराठीतच सांगतो" वर येतात. त्यापेक्षा मराठी न येणारा शेजारी किंवा सहकारी गाठा.

रोज अर्धा तासच असेल तर वीस मिनिटं ऐकून पाठोपाठ म्हणणं आणि दहा मिनिटं कार्डं. लेकीकडे परदेशी निघालेल्या आईनेही हेच करावं, फक्त कार्डं विमानतळ, दुकान आणि दवाखान्याची. शब्द येतात पण चारचौघांत तोंडच उघडत नाही, असं असेल तर कार्डं राहू द्या आणि छोटी बॅच शोधा. स्पर्धा परीक्षावाल्यांनी 'युबिक्विटस' खुशाल पाठ करावा, गुण मिळतात. मात्र 'देअर्स अ लीक इन युअर बाथरूम' हेही एका कार्डावर लिहून ठेवावं.