ओतीव की घडीव? सुझुकीच्या १३०० सीसी इंजिनात कोणते पिस्टन घालावेत

एस्टीम, जिप्सी किंग आणि २००५ची पहिली पेट्रोल स्विफ्ट. तिन्हींच्या बॉनेटखाली सुझुकीच्या जी१३ घराण्यातलं १२९८ सीसीचं इंजिन. ॲल्युमिनियमचा ब्लॉक, आत बिडाचे लायनर, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५.५. ही गाडी ज्यांनी जपून ठेवली आहे, त्यांच्यावर आज ना उद्या रिंग-पिस्टनचं काम येतंच. गाडी धूर मारायला लागते, ऑइल खाते, मिस्त्री हेड उतरवतो आणि तेव्हाच मनात येतं : इंजिन उघडलंच आहे, तर फोर्ज्ड, म्हणजे घडीव, पिस्टनच टाकून घेऊया का?

माझं मत आधीच सांगतो. टर्बो नसलेल्या, रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला नको. टर्बो लावायचा असेल तर हवेत, पण त्याआधी कनेक्टिंग रॉडचा, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याचा, विचार करा. फक्त ट्रॅकवर पळवायची असेल तर हवेतच, पण मग धातूही वेगळा घ्या.

घडीव पिस्टन एकाच प्रकारचे नसतात, हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. कंपनीचा मूळ पिस्टन ओतीव : वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतून केलेला. घडीव पिस्टन धातूच्या ठोकळ्यावर प्रेसचा दाब देऊन घडवतात, म्हणून त्याचा कण दाट आणि तंतू सलग राहतात. पण घडीवमध्येही दोन मिश्रधातू प्रचलित आहेत, ४०३२ आणि २६१८. पहिल्यात सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं, दुसऱ्यात ते जवळजवळ नसतंच. काँकॉर्ड विमानाचं अंग ज्या धातूचं होतं, तो या २६१८चा सख्खा भाऊ. उष्णतेत ताकद टिकवणं हा त्याचा गुण, आणि तापल्यावर जास्त फुगणं हा दोष. म्हणून पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यातली फट, म्हणजे क्लिअरन्स, त्याला जास्त लागते.

| | ओतीव (कंपनीचा) | घडीव ४०३२ | घडीव २६१८ |
|---|---|---|---|
| सिलिकॉन | सुमारे १२ टक्के किंवा अधिक | सुमारे १२ टक्के | पाव टक्क्याच्या आत |
| ७४ मिमी बोअरला साधारण क्लिअरन्स | ०.०२ ते ०.०४ मिमी | ०.०४ ते ०.०६ मिमी | ०.०७ ते ०.१० मिमी |
| सकाळी थंड इंजिन | शांत | किंचित टकटक | चांगलीच खडखड |
| नॉकिंग (इंधन अवेळी स्फोटासारखं पेटणं) झालं तर | रिंगांमधली कड तुटते | बराच वेळ तग धरतो | दबतो, पण सहसा तुटत नाही |
| रोजचा वापर | वर्षानुवर्षं | चालतो | रिंगांच्या खाचा लवकर झिजतात |

तक्त्यातले आकडे अंदाजासाठी आहेत. खरा आकडा पिस्टनच्या डब्यात येणाऱ्या कागदावर असतो आणि तोच पाळायचा.

हा कागद न वाचल्याची किंमत मी मोजली आहे. माझ्या एस्टीमसाठी मी बाहेरून २६१८चा सेट मागवला होता. बोअर मारणाऱ्या कारखान्यानं हाताच्या सवयीनं दीड थाऊ क्लिअरन्स ठेवला. दीड थाऊ म्हणजे ०.०३८ मिलिमीटर, ओतीव पिस्टनला अगदी योग्य. कागद इंग्रजीत होता. त्यांनी वाचला नाही आणि मीही त्यांच्या टेबलावर आपटून दाखवला नाही. तिसऱ्या दिवशी खंबाटकीच्या चढाला इंजिन जड व्हायला लागलं, मग बंदच पडलं. अर्ध्या तासानं थंड झाल्यावर चालू झालं खरं, पण हेड उतरवलं तेव्हा दोन पिस्टनांची घागरी (रिंगांखालची गोल बाजू) खरवडून निघाली होती. हिशेब सोपा आहे. ७४ मिलिमीटरचा पिस्टन १०० अंशांनी तापला, तर ४०३२चा (आणि तेवढंच सिलिकॉन असलेला ओतीवही साधारण) ०.१४ मिलिमीटर फुगतो आणि २६१८चा ०.१६५. फरक जेमतेम ०.०२, पण ओतीवच्या क्लिअरन्सचं अर्धं माप त्यातच जातं. म्हणून पिस्टन कुठून आणायचा यापेक्षा बोअर कोण मारणार, हा प्रश्न मला मोठा वाटतो. ज्यांच्याकडे डायल बोअर गेज आहे आणि जे होनिंग (सिलिंडर आतून घासून अचूक मापाला आणणं) करताना ब्लॉकवर हेडच्या ताणाची जाड प्लेट आवळतात, त्यांच्याकडेच जा.

आता आणायचे कुठून. पिस्टन करणाऱ्या कंपन्या आपल्या देशात कमी नाहीत. कोल्हापुरातच मेनन पिस्टन्स आहे. पुण्याच्या भारत फोर्जचे क्रँकशाफ्ट जगभर जातात. पण या कारखान्यांची गणितं हजारांच्या ऑर्डरची. ७४ मिलिमीटरचे चार घडीव पिस्टन कोणी तुमच्यासाठी बसवून ठेवलेले नसतात. त्यामुळे व्यवहारात तीन वाटा उरतात.

पहिली वाट तयार सेटची. परदेशात याच घराण्यातलं दुहेरी कॅमशाफ्टचं इंजिन स्विफ्ट जीटीआयमध्ये होतं आणि त्याचाही बोअर ७४च. त्यामुळे जीटीआयसाठी म्हणून मिळणारा सेट बघून हात शिवशिवतात. पण बोअर जुळला म्हणजे पिस्टन जुळला असं नाही. आपल्या इंजिनाला एकच कॅमशाफ्ट आहे. जुन्या कार्ब्युरेटर एस्टीमचं हेड आठ व्हॉल्व्हचं, नंतरच्या एमपीएफआयचं (फ्यूल इंजेक्शनवालीचं) सोळा. पिस्टनच्या डोक्यावरच्या व्हॉल्व्हच्या खाचा, त्याला रॉडशी जोडणाऱ्या पिनचा व्यास, पिनपासून डोक्यापर्यंतची उंची, हे सगळं स्वतः मोजल्याशिवाय पैसे भरू नका.

दुसरी वाट मापानं करून घेण्याची. अमेरिकेतल्या जेई, वायसेको, सीपी-कॅरिलो किंवा जर्मनीतल्या वॉसनरसारख्या कंपन्या ऑर्डरप्रमाणे पिस्टन करतात. तुमचा जुना पिस्टन नमुना म्हणून आणि भरलेला मापांचा तक्ता पाठवायचा. चारांच्या सेटला साधारण सातशे ते हजार डॉलर धरून चाला, वर कुरिअर, सीमाशुल्क आणि आयजीएसटी. थांबायची तयारी आठवड्यांची ठेवा. वाट महाग आहे, पण तिच्यात एक गोष्ट मिळते जी पहिल्या वाटेत नाही : डोक्याचा आकार तुम्ही ठरवता. एका सिलिंडरची जागा ३२४.७ सीसी. कॉम्प्रेशन (आतली हवा किती पट दाबली जाते ते) ९ हवं तर वर ४०.६ सीसी जागा लागते, टर्बोसाठी ८.५ करायचं तर ४३.३. फरक फक्त २.७ सीसीचा. काही जण तो मूळपेक्षा ०.६ मिलिमीटरनं जास्त जाड हेड गॅस्केट घालून साधतात. स्वस्तात होतं, पण पिस्टन आणि हेड यांच्यातली अरुंद फट रुंद होते, तिथली हवा नीट ढवळली जात नाही आणि नॉकिंगचा धोका उलट वाढतो. तीच जागा पिस्टनच्या डोक्यात वाटीसारखी खोदून घेतली तर फट तशीच राहते. माझ्या मते मापाच्या पिस्टनचा खरा फायदा घडाईत नाही, या वाटीत आहे.

तिसरी वाट ऑनलाइन स्वस्त सेटची. डब्यावर ‘फोर्ज्ड’ छापायला काही लागत नाही. मिश्रधातूचा क्रमांक आणि क्लिअरन्सचा कागद मागा. दोन्ही नसतील तर पुढे जाऊ नका. आलेच तर चारही पिस्टन वजनकाट्यावर ठेवा. एक-दोन ग्रॅमच्या पलीकडे फरक असेल तर परत पाठवा.

पिस्टन मजबूत केला की इंजिन मजबूत झालं, हा गैरसमज मी बऱ्याच गॅरेजमध्ये ऐकतो. इंजिन मोडतं कशानं ते आधी पाहू. वेग वाढला की रॉडवर ओढ येते आणि ती वेगाच्या वर्गानं वाढते : मिनिटाला ६००० फेऱ्यांवरून ७५०० वर गेलात तर ओढ ५६ टक्क्यांनी वाढली. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या टोकाला पिस्टनला थांबवून परत खेचायचं काम रॉडचे बोल्ट करतात, आणि तुटतात तेही आधी. टर्बोचं उलट आहे. तो रॉड दाबतो, पिस्टनचं डोकं तापवतो. म्हणून टर्बोच्या गाडीत फेऱ्या कंपनीच्याच मर्यादेत ठेवल्या तर रॉडला बराच दिलासा मिळतो. ट्रॅकच्या गाडीत, टर्बो असो वा नसो, ४३४० पोलादाचे घडीव रॉड आणि चांगले बोल्ट नसतील तर घडीव पिस्टन म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

नॉकिंगचंही तसंच. घडीव पिस्टन नॉकिंग थांबवत नाही, सोसतो. तो टिकला तर मार हेड गॅस्केटवर आणि रॉडच्या बेअरिंगवर जातो. होंडाच्या १६०० सीसी डी-मालिकेच्या इंजिनाला टर्बो लावणाऱ्या परदेशी मंडळींची एक जुनी युक्ती याचा पुरावाच आहे. ते त्यात सुझुकी विटाराचे ७५ मिलिमीटरचे पिस्टन घालतात. तेही ओतीवच! पण कॉम्प्रेशन उतरतं, मॅपिंग (इंजिनाच्या संगणकात इंधन आणि ठिणगीची जुळणी) नीट केलं जातं आणि इंजिनं टिकतात.

मॅपिंगबद्दल आजच्या पेट्रोलचं एक बोलायला हवं. ई२०मध्ये वीस टक्के इथेनॉल असल्यानं तेवढ्याच हवेला शुद्ध पेट्रोलपेक्षा आठ-नऊ टक्के जास्त इंधन लागतं. साध्या वेगात ऑक्सिजन सेन्सर ते सांभाळून घेतो. पूर्ण ॲक्सिलरेटरवर मात्र जुन्या ईसीयूचा (इंजिनाच्या संगणकाचा) भर ठरलेल्या आकड्यांवर असतो, इंधन कमी पडतं आणि पिस्टन वितळायला हीच वेळ पुरते. पिस्टनच्या आधी इंजेक्टर आणि मॅपिंगवर खर्च करा.

आणखी एक पर्याय बऱ्याच जणांना सुचत नाही, कारण त्यात नवं काही विकत घ्यायची मजा नाही. १९९९ ते २००७ मधल्या जुन्या बलेनोचं १५९० सीसीचं इंजिन याच घराण्यातलं. बोअर ७५, स्ट्रोक तब्बल ९०. काहीही न घडवता साडेबावीस टक्के जास्त सीसी, आणि ताकदही खालच्या फेऱ्यांवर. जिप्सी आणि एस्टीमवाल्यांनी हा बदल आपल्याकडे बराच केला आहे. तुलना म्हणून : आपल्या १३००चा बोअर ७५ पर्यंत वाढवला तरी सीसी १३३४ च होते. म्हणजे ओव्हरसाइज बोअर ताकदीसाठी नसतो, झिजून लंबगोल झालेलं सिलिंडर पुन्हा गोल करण्यासाठी असतो. बलेनोच्या इंजिनाचा तोटा लांब स्ट्रोक. ७५०० फेऱ्यांना त्याचा पिस्टन सरासरी सेकंदाला २२.५ मीटर धावतो, आपला १८.९. फेऱ्या आवडत असतील तर १३००च बरं. घाट आवडत असेल तर बलेनो.

कायद्याचं थोडक्यात. कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ला चालत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिनच बदललं तर आरसीवर नोंद लागते, आणि या गाड्यांना पंधरा वर्षांच्या पासिंगसाठी आरटीओत उभं राहावंच लागतं. टर्बोची हौस असेल तर ती ट्रॅकसाठी ठेवलेल्या गाडीवर भागवा.

मग कोणी काय घ्यावं? रोजची एस्टीम किंवा जिप्सी असेल तर चांगल्या कंपनीचे ओतीव, पॉइंट ५० ओव्हरसाइज (मूळपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठे), आणि वाचलेले पैसे होनिंग, हेडचं काम आणि मॅपिंगवर. बेताच्या टर्बोला ४०३२, वाटीच्या डोक्याचे, मापाचे; रिंगची फट मूळच्या ०.३० ऐवजी ०.३७ ते ०.४४ मिलिमीटरच्या दरम्यान, नाहीतर तापल्यावर रिंगची टोकं भिडतात आणि कड उपटून निघते. ट्रॅकसाठी २६१८, सोबत रॉड, बोल्ट आणि दर मोसमात इंजिन उघडून बघायची तयारी.

काहीही ठरवलं तरी, पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरला देऊ नका. कारखानदार म्हणेल, “ठेवून जा, शनिवारी बोअर मारून देतो, पिस्टन काय येतीलच.” पिस्टन आधी मायक्रोमीटरनं मोजायचे, घागरीच्या कुठल्या उंचीवर मोजायचं तेही कागदावर असतं, मग प्रत्येक सिलिंडर त्याच्या त्याच्या पिस्टनच्या मापाला होन करायचं. शनिवार हुकला तर हुकू द्या.