नव्या गाडीला जुने टायर : डिलिव्हरी घेण्याआधी हे बघाच

सोलापुरात नवी गाडी घेणार असाल तर पैसे भरण्याआधी हे वाचा. ९,८६,४०० रुपये ऑन-रोड मोजून घेतलेल्या माझ्या कोऱ्या गाडीचे मागचे दोन टायर वापरलेले निघाले. प्रकरण ग्राहक आयोगात गेलंय, म्हणून शोरूमचं नाव लिहीत नाही.

गाडी फेब्रुवारी २०२५ ची, आरसीवर तसंच आहे. मे महिन्यात पुण्याहून येताना मोहोळच्या अलीकडे मागचा डावा टायर फुटला. गाडीत आई आणि दोन्ही मुलं होती, शेजारून ट्रक सुसाट चालले होते. गाडी कशीबशी कडेला घेतली. पंक्चरवाल्या पोराने चाक काढून उलटं केलं, आतल्या बाजूची धूळ फडक्याने पुसली आणि एका लांबट गोलातल्या चार आकड्यांवर बोट ठेवलं : ३१२१. म्हणजे २०२१ सालचा एकतिसावा आठवडा. "साहेब, टायर गाडीपेक्षा म्हातारा आहे," म्हणाला. दुसऱ्या मागच्या टायरवरही तेच. पुढचे दोन मात्र २०२५ चे.

तारखेचे पूर्ण आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात. ती बाजू आत वळवून बसवली की बाहेरून कोणाला कळणार? चादरी-टॉवेलच्या धंद्यात माल उलटासुलटा करून घेण्याची सवय आहे मला, पण शोरूममध्ये गाडीखाली कोण झोपतं?

आणि सगळ्यात जास्त जळतं ते पुढचं. डिलिव्हरीच्या संध्याकाळी माझ्या मुलीने विचारलं होतं, "बाबा, पुढच्या टायरला रबराचे केस आहेत, मागच्याला का नाहीत?" कोऱ्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, वापरला की झिजतात. नऊ वर्षांच्या पोरीला दिसलं! मीही वाकून बघितलं. सेल्समन हसत म्हणाला, "वॉशिंगमध्ये निघून जातात, सर." टायरना पॉलिश मारून काळे कुळकुळीत केलेले, हार घातलेला, नारळ फोडायला सगळे खोळंबलेले. मी विचारलं, त्याने तोंडावर खोटं सांगितलं. यात माझा दोष काय? "पीडीआय झालंय", म्हणजे डिलिव्हरीआधीची तपासणी झालीय, म्हणून सही-शिक्क्याचा कागद त्यांनीच दिला होता. वर हँडलिंगचे म्हणून ८,५०० घेतले. कसलं हँडलिंग, टायर बदलण्याचं?

शोरूमचा मॅनेजर म्हणतो, टायर गाडीच्या वॉरंटीत येत नाहीत, टायर कंपनीकडे जा. टायर कंपनीच्या माणसाने फुटलेला तुकडा बघून लिहून दिलं : "इम्पॅक्ट डॅमेज, कमी हवेत चालवलेला." अहो, २०२१ चा टायर २०२५ च्या गाडीला आला कसा, हे विचारतोय मी! त्यावर, ते डीलरला विचारा. पोलीस चौकीत अर्ज हातातच घेतला नाही. दिवाणी मामला आहे म्हणाले. नवा म्हणून जुना माल गळ्यात मारला आणि घरच्यांचा जीव धोक्यात घातला, हा दिवाणी मामला? आरटीओत सांगितलं, आम्ही चेसिस नंबर बघतो, टायरचं वर्ष बघत नाही. मग बघतं कोण? १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर कंपनीने "ग्राहकाला माहिती दिली" एवढं उत्तर टाकलं आणि तक्रार निकाली! कसली माहिती, कोणाला दिली, एकाने फोन करून विचारलं नाही.

मागचे दोन्ही टायर मी पदरचे १३,७०० घालून बदलले. जुने टायर शोरूम "तपासणीसाठी" मागत होतं, दिले नाहीत. तुम्हीही देऊ नका, पंक्चरवाल्याकडेही सोडून येऊ नका. चाक गाडीवर असतानाच आकड्यांचे फोटो काढा, नंबर प्लेट त्याच फोटोत येऊ द्या.

डिलिव्हरी दिवसाउजेडी घ्या. पॉलिश मारू देऊ नका. पाचही टायर, म्हणजे स्टेपनीसुद्धा, आतून-बाहेरून बघा. एका टायरवर रबराचे केस आणि दुसऱ्यावर नाहीत, असं दिसलं की तिथेच थांबा, मुहूर्त गेला तरी चालेल. टायरचे आकडे डिलिव्हरी नोटवर लिहून मागा. टाळाटाळ केली तर बाकीची रक्कम भरू नका.

जिल्हा आयोगात तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन करता येते. पाच ते दहा लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी फक्त २०० रुपये, आणि मुदत दोन वर्षांची. "सेटलमेंट करू" म्हणत ती मुदत खाऊ देऊ नका.

यंदा सोलापुरात ज्यांनी गाडी घेतली त्यांनी आजच मोबाइलची बॅटरी लावून मागच्या टायरची आतली बाजू बघा. असेच आकडे निघाले तर मला कळवा, आयोगात एकत्र जाऊ.