रोडसाइड असिस्टन्स घ्यायचा की पाना-पक्कड बाळगायची?

भाचा बाईकवरून पुण्याहून गोव्याला निघालाय. "मामा, विम्यासोबत रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे गाडी वाटेत बंद पडली की मदत पाठवणारी सेवा, घेऊ की हत्यारांचं किट?"

खर्चाचं सोड, दोन्हींत फार फरक नाही. फरक पडतो वेळेचा. अणुस्कुरा घाटात माझी क्लच केबल लिव्हरपाशी तुटली तेव्हा मोबाइलला रेंजच नव्हती. वाचवलं ते जुन्या केबलीला टेपने बांधून ठेवलेल्या जादा केबलीने. दोन्ही टोकं अडकवली आणि अर्ध्या तासात निघालो.

ट्यूबलेसचं पंक्चरही तसंच: खिळा उपसायचा, भोक घासायचं, रबरी पट्टी खोचायची, हवा भरायची. ट्यूबवाल्या चाकाच्या फंदात मात्र नवख्याने पडू नये. आणि टायर कडेला फाटला तर पट्टी कामाची नाही.

इंजिन जॅम झालं, वायरिंग जळलं, तर हत्यारांची पिशवी नुसतं ओझं. तिथे टोइंगच हवं, म्हणजे गाडी गॅरेजपर्यंत वाहून नेणं. किती किलोमीटर फुकट नेतात, ते असिस्टन्सच्या अटींत आधी वाच.

हायवेनेच जाणार आणि हात काळे करायचे नसतील तर असिस्टन्स पुरे. घाटवाटांनी भटकणार असशील तर आधी किट घे. गाडी जुनी असेल तर दोन्ही.